एरंडेलाची वाटी

कागल
मंगळवार, ५ नोव्हेंबर २०२४

ती. आत्तींना,

क्रांतीचा नमस्कार. घ्यायचा असेल तर घ्या, नाहीतर कोनाड्यात ठेवा, पुढं कधीतरी उपयोगी पडेल.

फोनवर माझा आवाज आला की तुम्ही फोन बंद करता. काल तर मी अजून ‘आत्ती’ म्हणालेसुद्धा नव्हते, नुसती खोकले, तेवढ्यात तुम्ही ठेवलात. म्हणून हे पत्र. पोस्टमनला असं मध्येच बंद करता येत नाही. आणि तुम्ही हे वाचणार याची मला खात्री आहे, कारण आलेलं पत्र न वाचता ठेवणं तुम्हाला जन्मात जमलेलं नाही. मी तिसरीत असल्यापासून बघते आहे. तेव्हा तुम्ही माझ्या नुसत्या आत्या होता, सासू व्हायला अजून बराच अवकाश होता. कोडोलीला आण्णा मला पत्र लिहायला बसवायचे, आपल्या बहिणीला दोन ओळी सांगायचे आणि उठून गोठ्यात जायचे. बाकीचं पान मी माझ्या मनानं भरायची. कुठली म्हैस व्यायली, कोण कुणाच्या बांधावरून भांडलं. तुमचं उत्तर यायचं, ‘पोरगीला म्हणावं, अजून लांबडं लिव.’ आता लांबडंच लिहिते.

तुमचे चिरंजीव उदयसिंह भाऊबीजेला गारगोटीला बहिणीकडं येऊन गेले. मोनाचं बाळ कसं आहे म्हणून विचारलं, तर म्हणाले, यशराज गुबगुबीत आहे, डोकं तेलानं निथळतंय. मी विचारलं, दीड महिन्याचे थेंब दिले का? तर म्हणतात, "ते मी कसं इचारू? मी भाऊबीजेला गेलतो." असल्या माणसाच्या हातून निरोप पोचेल या आशेवर मी आता बसणार नाही.

मोनाला फोन केला. ती म्हणाली, आई म्हणती, लेकरू अजून कवळं हाय, जरा बाळसं धरू दे, मग बघू. आत्ती, ताराच्या वेळी हेच वाक्य होतं, अक्षरन् अक्षर. तेव्हा मीही मान हलवली होती. ताराचे दीड महिन्याचे थेंब गेले, अडीचचे गेले, साडेतीनचे गेले, आणि बाळसं मात्र धरलं. पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

हे पोलिओचे थेंब नव्हेत, ते वेगळे. हे रोटाव्हायरसचे. पोरांना जे वाईट जुलाब लागतात, त्यातल्या बऱ्याच जुलाबांच्या मागं हा रोटा असतो. सरकारी आहेत, फुकट आहेत, तोंडात द्यायचे असतात. मोनाच्या गल्लीतल्या अंगणवाडीत पुढचं लसीकरण बुधवारी, १३ तारखेला आहे. तिथल्या आशाताईंचा नंबर मिळवून मी विचारून घेतलंय. यशराजला दीड महिना उलटून गेला आहे. मोनाला सासू नाही, तिचा नवरा तुमच्यापुढं बोलत नाही, त्यामुळं त्या घरात सध्या राज्य तुमचं. तेव्हा हे काम तुमच्याकडंच आहे.

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरात होतं. आपल्या घरात खोली मोकळी असताना तुम्ही ट्रंक घेऊन लेकीच्या सासरी बाळंतपण करायला गेलात, यावर सगळी भावकी बोलते आहे. ज्या कुणी विचारलं त्यांना मी सांगितलं की मोनाला प्रवास सोसत नव्हता. तुम्हीही तेच सांगा, म्हणजे दोघींचं जुळेल.

आम्ही इकडं मजेत आहोत. तारा आता पळते. मी कामावर असते तेव्हा ती शेजारच्या बाळाबाईंकडं राहते. तुमची आठवण काढायला कुणाला सवड नाही. तारा तेवढी सकाळी उठली की तुमच्या खाटेखाली वाकून बघते. मांजर शोधत असेल.

तुमची,
क्रांती

ता. क. एरंडेलाची पितळी वाटी तुम्ही बरोबर नेलीत. ती माझ्या आजीची आहे, म्हणजे तुमच्या आईची, म्हणजे माझाही तिच्यावर हक्क आहे. परत पाठवा.


कागल
शुक्रवार, १५ नोव्हेंबर

ती. आत्तींना,

नमस्कार आहेच.

बुधवारी आशाताई दारात आल्या आणि तुम्ही त्यांना काय म्हणालात ते मोनानं मला सांगितलं. "पोरगं झोपलंय. झोपल्या पोराला उठवून सुई टोचाय तुमी काय वैरी हाय काय?" त्या बाईंनी पायरीवरून परत जाताना पुढची तारीख सांगितली म्हणे, ११ डिसेंबर. मी त्यांच्या जागी असते तर पायरीवरच बसले असते. पोर कधीतरी उठतंच.

मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही. म्हणून जे इतके महिने तुम्ही आणि मी एकमेकींशी बोललो नाही, ते लिहिते.

तुम्ही पाहुण्यांना सांगता की सुनेनं भर दवाखान्यात मला खुनी म्हटलं. मी तो शब्द वापरलेला नाही. मी म्हणाले, "तुमच्या तेलानं माझी पोर गेली असती." सगळ्या वॉर्डासमोर बोलायला नको होतं, तेवढं चुकलं. वाक्य मात्र मागं घेत नाही.

फेब्रुवारी होता. थंडी होती, म्हणून जुलाब वगैरे डोक्यातच नव्हतं, ते उन्हाळ्यातलं दुखणं असं आपण धरून चाललो होतो. तारा सात महिन्यांची. आधी उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब. तुम्ही तिच्या हिरड्यांवरून बोट फिरवून म्हणालात, "दात येत्यात. हुणारच." मलाही ते पटलं. मग म्हणालात, "तुझं दूध बाधलंय, आजचा दिस तोड." तेही मी ऐकलं. कारखान्यात बाथरूममध्ये जाऊन दूध पिळून टाकलं आणि परत मालाच्या तपासणीला उभी राहिले.

पहिली पाळी संपवून दुपारी घरी आले तेव्हा तुम्ही अंगणात उन्हाला बसला होता. मांडीवर तारा, डोक्याला कुंची बांधलेली. तुम्ही म्हणालात, "बघ, आता गप पडलीया." ती गप नव्हती आत्ती, तिच्यात रडायचं बळ नव्हतं. तोंड वेडंवाकडं होत होतं पण डोळ्यात पाणी येत नव्हतं. सकाळपासून लघवी झाली नव्हती. मी कुंची सोडली. आत कापसाचा बोळा, एरंडेलात बुडवून टाळूवर थापलेला, त्यावर आणखी तेल. मी ते सगळं पदरानं पुसलं, आणि खाली खळगा होता. बोटाचं पेर आत बसेल एवढा. तुम्ही शांतपणे म्हणालात, "टाळू पडलीया. भरली की यील वर."

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. रिक्षा, कोल्हापूरचा रस्ता, दवाखाना. शीर सापडेपर्यंत नर्सनं तिच्या दोन्ही हातांना टोचून बघितलं. डॉक्टरांनी विचारलं, टाळू कधीपासून खाली गेली आहे? आपल्या दोघींपैकी कुणालाच सांगता येईना. मला सांगता येईना कारण मी घरी नव्हते, आणि तुम्हाला येईना कारण तुम्ही ती तेलाखाली झाकून ठेवली होती.

मी एमआयडीसीतल्या कारखान्यात काय काम करते हे तुम्ही कधी विचारलं नाही. ओतकामाचा माल आला की तो बघायचा. कधी कधी ओतताना लोखंडात हवा राहते आणि पोकळ भोक पडतं. काही पुरवठादार त्या भोकात पुट्टी भरतात, घासतात, वर रंग देतात. हात फिरवला तर गुळगुळीत लागतं. असा माल मशिनीवर चढला की फुटतो. मला असला तुकडा सापडला की मी आधी पुट्टी खरवडून काढते, मगच रिजेक्टचा शिक्का मारते. त्या दुपारी तेल पुसताना माझे हात तेच करत होते.

डॉक्टरांनी मला नंतर नीट समजावलं. टाळू पडणं हा आजार नाही. अंगातलं पाणी संपत आलं की टाळू खाली बसते, ते लक्षण आहे. वरून तेल घालून आतलं पाणी वाढत नाही. ते पाणी तोंडानं द्यावं लागतं, ओआरएसच्या पुडीचं, चमच्या चमच्यानं, आणि आईचं दूध तर मुळीच तोडायचं नाही, उलट जास्त पाजायचं. तोंडानं राहीना की सलाईन. तुमचे चिरंजीव मध्येच म्हणाले, "पण आमी पाणी उकळून देतोय की." तर डॉक्टर हसले नाहीत, नीट उत्तर दिलं. हा विषाणू नुसता पाण्यातून येत नाही. हातांना लागतो, दुपट्यांना लागतो, खुळखुळ्याला लागतो, आणि तिथं बराच काळ टिकून राहतो. स्वच्छ घरातही येतो. मोठं करून बघितलं तर चाकासारखा दिसतो म्हणून त्याचं नाव रोटा. नुसता एकच नव्हे, त्यांचं सगळं कुटुंबच आहे, आणि बहुतेक प्रत्येक लेकराला ते कधी ना कधी गाठतं. त्याला मारणारं औषध नाही. थेंब देऊन पोराला आधीच तयार करून ठेवायचं, एवढंच हातात आहे.

मी विचारलं, थेंब दिले असते तर हे झालंच नसतं का? ते म्हणाले, सगळे जुलाब थांबत नाहीत, पण सलाईनपर्यंत नेणारे असे जुलाब बहुतेक वेळा टळतात. आणखी एक सांगितलं, तेही लिहिते, नाहीतर उद्या म्हणाल की सुनेनं लपवलं. क्वचित एखाद्या लेकराला थेंबानंतरच्या दिवसांत आतड्याचा त्रास होतो. पोर कळवळून रडायला लागलं, सारख्या उलट्या झाल्या किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर तडक दवाखाना गाठायचा. असं फार थोड्यांना होतं. रोटा मात्र सगळ्यांच्या दारात येतो.

आता पुन्हा थंडी सुरू झाली आहे.

मी दर आठवड्याला पत्र टाकणार. तुम्ही फाडा, जाळा, बंबात घाला. ११ डिसेंबरला पोर झोपलेलं असेल तर झोपेत उचलून न्या.

क्रांती

ता. क. वाटी आली नाही.


कोडोली
रविवार, २४ नोव्हेंबर

आत्ती,

मी तुमची तक्रार सांगायला कोडोलीला आले. सुनेचं कुणी ऐकत नाही, पण सख्ख्या भावाचं तरी ऐकाल, असा हिशेब होता. आण्णा घराच्या पुढच्या सोप्यात बसून शेंगा फोडत होते. मी सगळं सांगितलं. तेल, कुंची, आशाताई, झोपलेलं पोर. मला वाटलं होतं, ते लगेच तुम्हाला फोन लावून दोन शब्द सुनावतील.

आण्णा शेंगा फोडायचे थांबले. म्हणाले, "ती वाटी अजून तिच्याजवळ हाय?"

मी म्हटलं, आहे की, बरोबर घेऊन गेल्यात.

मग त्यांनी मला सयाजीचं सांगितलं.

उदयसिंहांच्या आधी तुम्हाला एक मुलगा झाला होता, एवढंच मला माहीत होतं. त्याचं नाव आजवर कुणी माझ्यासमोर घेतलं नव्हतं. तो आठ महिन्यांचा असताना तुम्ही त्याला घेऊन माहेरी आला होता, याच घरात, याच सोप्यात तो आजारी पडला, हे मला ठाऊक नव्हतं. तेव्हाही थंडीचे दिवस होते. तेव्हाही दात येताहेत असंच सगळे म्हणाले. टाळू पडली म्हणून आजीनं तेल मागितलं तर बुधलीत एरंडेल संपलं होतं. आण्णा तेव्हा कॉलेजात होते, त्यांना सायकलवर तेल आणायला पिटाळलं. जाताना चेन पडली. आण्णा म्हणाले, "मी चेन चढवत बसलो. चढंना. तेल घेऊन आलो तवर समदं झालं हुतं." आणि तुम्ही सयाजीला मांडीवर घेऊन एकच म्हणत होता, "तेल येळंवर आलं असतं तर." वाटी रिकामीच तुमच्या शेजारी होती.

तेव्हापासून तुम्ही ती वाटी कधी रिकामी राहू दिली नाही. मला वाटायचं, सासूबाईंना सवय आहे. घरात तान्हं लेकरू असो नसो, वाटीत तेल भरलेलं असायचंच. आणि ताराच्या टाळूवर तुम्ही एवढं तेल का ओतलंत, हेही मला आज कळलं. या खेपेला कमी पडू नये म्हणून. या खेपेला उशीर होऊ नये म्हणून. मी त्याला अडाणीपणा म्हणत होते, आणि तुम्ही तुमच्या परीनं पोर वाचवत होता.

लग्नाआधी मी तुला ‘तू’ म्हणायची. इथं बसून ‘तुम्ही’ लिहवत नाही. आज एक दिवस चालवून घे.

आत्ती, नीट वाच. तेल वेळेवर आलं असतं तरी सयाजी राहिला नसता. चेन पडली नसती, बुधली भरलेली असती, टाळू काठोकाठ भरली असती, तरीही. त्याला तेल नको होतं, पाणी हवं होतं, आणि ते घरात कुणालाच कुणी सांगितलं नव्हतं. थेंब तर तेव्हा नव्हतेच. त्याला रोटाच झाला होता की दुसरं काही, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण तुझं तेल कमी पडलं नाही. तू काही उशीर केला नाहीस.

हे मी आण्णांना सांगितलं. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हंजे माज्या चेनीनं न्हाय गेला तो?" मी म्हटलं, नाही आण्णा. ते उठून गोठ्यात गेले. बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. इतकी वर्षं हा माणूस तुझ्या घरी आला की उंबऱ्यातच का घुटमळायचा, तुझ्याकडं बघताना त्यांची नजर अशी खाली का जायची, हे मला आज समजलं. तुम्ही भाऊबहीण एकाच गोष्टीनं झुरत होता आणि एकमेकांना सांगत नव्हता.

मला माहीत आहे, हे वाचून तुला हलकं वाटणार नाही. उलट जास्त दुखेल. तेल उशिरा आलं असं म्हणत राहिलं की निदान तेलावर विश्वास ठेवता येतो. तो सोडायचा म्हणजे हात रिकामे होतात. पण तुझे हात रिकामे नाहीत. त्यात यशराज आहे.

आण्णा शेतातला ऊस कारखान्याला गेल्यावर तुला भेटायला येणार म्हणतात. मला वाटतं ते त्याआधीच येतील.

तुझ्यावर रागवायला आले होते, ते काही जमलं नाही. पण म्हणून मी माघार घेतली असं समजू नकोस. ११ डिसेंबर, बुधवार. त्या दिवशी मी तुला फोन करणार नाही, मोनालाही विचारणार नाही. तू ठरव.

तुझी,
क्रांती

ता. क. वाटीचं राहू दे.


कागल
शुक्रवार, २० डिसेंबर

ती. आत्ती,

११ तारीख गेली. मी बोलल्याप्रमाणं फोन केला नाही. त्या दिवशी कामावर तीन चांगले तुकडे मी रिजेक्ट केले, सुपरवायझर म्हणाला, मॅडम घरी जा. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन नाही, त्यानंतरही नाही. मी धरून चालले की पोर पुन्हा झोपलेलं असणार. पत्र लिहायला घेतलं आणि दोन वेळा फाडलं. तिसऱ्यांदा एवढंच लिहिलं होतं की मी रजा काढून येते आणि यशराजला स्वतः उचलून नेते, मग भावकीनं काय बोलायचं ते बोलावं.

आणि परवा सकाळी तुमचा फोन. तुम्ही आपणहून केलेला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही, एकदम, "क्रांते, पोराला जुलाब लागल्यात. थेंब दिऊन आठ दिस झालं न्हाईत."

थेंब दिले आहेत हे मला या वाक्यातून कळलं. आनंद व्हायच्या आतच वाटलं, झालं, आता तुम्ही थेंबांच्या नावानं बोटं मोडणार, आणि पुढचे दोन डोस कुणाचा बापही देऊ शकणार नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही पुढं बोलायला लागलात, भरभर, जणू कुणी पाठ विचारलाय.

"टाळू बघितली. सपाट हाय, खाली न्हाय. बोट लावून बघितलं, तेल न्हाय लावलं. कुंची काढून ठिवलीया. रडतोय तवा डोळ्यात पाणी येतंय. मोनाला म्हटलं दूध तोडू नगंस. पुडी आणून ठिवली हुती आदीच, एका लिटरात कालवलीया, वाटीतनं चमच्या चमच्यानं पाजतोय. आता सांग, आनि काय बघू?"

आत्ती, मी विचारणार होते ते सगळं तुम्हीच बघितलं होतं. मी एवढंच म्हणाले की लघवी होते का बघा, शीमध्ये रक्त दिसतं का बघा, आणि जवळच्या दवाखान्यात दाखवून या. तुम्ही म्हणालात, "रगत न्हाय. दवाखान्यात निघालोयच. रिक्षा दारात हाय. तुला इचारून जावं म्हटलं." मग मला विचारलंत, हे थेंबानंच झालं का? मी खरं ते सांगितलं. थेंबानंतर कुणाला थोडे सैल होऊ शकतात, किंवा हे दुसऱ्याच कशानं असेल, डॉक्टर सांगतील. तुम्ही म्हणालात, "बरं," आणि फोन ठेवलात. या खेपेला माझं बोलणं संपल्यावर ठेवलात.

काल मोनाचा फोन आला. यशराज खेळतोय. डॉक्टरांनी झिंकची गोळी दिली आहे, ती जुलाब थांबले तरी सांगितल्या दिवसापर्यंत द्या, मध्येच सोडू नका. शी धुतल्यावर साबणानं हात धुताय हेही कळलं. तुम्ही शेजारच्या बायकांनासुद्धा धुवायला लावताय आणि त्याशिवाय पोराला हात लावू देत नाही म्हणे. त्या आता तुम्हाला घाबरून येत नाहीत. चांगलं आहे.

ज्या वाटीत इतकी वर्षं एरंडेल होतं त्यात आता पुडीचं पाणी. चिंच लावून किती घासलीत हो ती? मोना म्हणाली, तेलाचा वास जाईपर्यंत तुम्ही अख्खी दुपार मोरीत बसला होता आणि कुणाला हात लावू दिला नाहीत.

त्या बुधवारचंही तिनं सांगितलं. तुम्ही मला सांगणार नव्हता हे उघड आहे. सकाळी तुम्ही हरभऱ्याच्या पिठानं यशराजचं डोकं धुतलंत, सगळं तेल निघेपर्यंत. मोना म्हणाली मी नेते, तर तुम्ही दिलं नाहीत. अंगणवाडीत रांगेत बसलात. तुमचा नंबर आल्यावर नर्सबाईंनी सहज विचारलं, आजी, एवढे दिवस का आणलं नाही? मोनाला वाटलं, आता तुम्ही त्यांच्यावर तुटून पडणार. तुम्ही यशराजची कुंची सोडलीत, त्याच्या टाळूवर हात ठेवलात आणि म्हणालात,

"ह्येच्या थोरल्या मामाला मिळालं न्हाईत. सयाजी नाव त्याचं. ह्येला द्या."

मोनानं आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या तोंडून ते नाव ऐकलं. फोनवर सांगताना ती रडत होती, आणि मी कारखान्याच्या गेटाबाहेर उभी राहून रडत होते. आत जाताना वॉचमननं विचारलं, काय झालं ताई? मी म्हटलं, माझ्या आत्तीनं पोराला थेंब दिले. त्याला वाटलं असेल, हिचं डोकं फिरलंय.

दुसरे थेंब ८ जानेवारीला. मी त्या दिवशीची रजा टाकली आहे, आदल्या दिवशी ताराला घेऊन गारगोटीला येते. आण्णाही येताहेत, मी म्हटलं होतं की नाही. रोटाच्या थेंबांचं ताराचं वय आता उलटून गेलं, पण दीड वर्षाची सुई राहिली आहे. आशाताईंना विचारलं, म्हणाल्या, इथंच देऊ.

तेव्हा तुम्ही ताराला मांडीवर घ्यायचं. तिला सुई टोचताना माझ्याच्यानं धरवत नाही. गेल्या खेपेला बाळाबाईंनी धरलं होतं आणि मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले होते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. यशराजचं काम झालं की आपल्या घरी या, तुमची खाट मी झटकून ठेवली आहे. तारा अजून रोज तिच्याखाली बघते, आणि आपल्याकडं मांजर नाही.

तुझी,
क्रांती